कंपनी आली तेव्हा

चौफुल्यावरून शिरूरकडे जाणारी एसटी भीमेचा पूल ओलांडते आणि थोड्या वेळाने एक फाटा लागतो. एक रसवंती, एक पंक्चरचं दुकान आणि गावाच्या नावाची कमान. तीन वर्षं मी त्या फाट्यावरून रोज गेले, पण कधी मान वळवून पाहिलं नव्हतं. आता पूल आला की हात आपोआप पर्सच्या बंदावर घट्ट होतो. त्या गावातल्या एका मुलीचं कॉलेज माझ्या शब्दामुळे बंद पडायची वेळ आली होती. खरं तर दोन शब्दांमुळे. पहिला माझ्या हातून चुकून गेला. दुसरा मी घाबरून लिहिला.

मी इतिहास शिकवते. शिरूर तालुक्यातल्या एका ज्युनियर कॉलेजात, तासिका तत्त्वावर. म्हणजे जूनमध्ये नवी ऑर्डर मिळते आणि एप्रिल संपला की आपण त्या कॉलेजचे कुणी नसतो. घर यवतला. वडील रेल्वेच्या गँगमध्ये होते; दौंड ते यवत या पट्ट्यात रुळांच्या खडीवर त्यांची सगळी नोकरी गेली. आमच्या घरात पदवीचा पहिला कागद माझ्या नावाने आला. वडिलांनी तो त्याच दिवशी बाजारात नेऊन लॅमिनेट करून आणला. त्या चकचकीत कागदाची झेरॉक्स नीट येत नाही, मध्ये पांढरा पट्टा पडतो, म्हणून प्रत्येक अर्जाच्या वेळी मला बोलणी बसतात. वडिलांना मी हे सांगितलेलं नाही. शाळेतल्या ज्या बाईंनी मला त्यांच्या घरची पुस्तकं वाचायला दिली आणि कधी परत मागितली नाहीत, त्या बाईंसारखं आपण कुणाला तरी व्हावं, एवढंच माझ्या मनात होतं.

अकरावीला ईस्ट इंडिया कंपनीच्या राजवटीची सुरुवात शिकवायची असते. पेशवाई संपली, कंपनीचे साहेब आले, जमिनी मोजल्या, सारा ठरवला. हा भाग आमच्या तालुक्यात शिकवणं अवघड आहे. पेशवाई संपली तो १८१८ चा सन फळ्यावर लिहिला की मागच्या बाकांवरची कुजबुज थांबते. मग मुलं एकमेकांकडे पाहतात आणि एकदा माझ्याकडे. आडनावावरून ती मला कोण समजतात हे मला त्या नजरेत कळतं. मी तो सन भरकन लिहायचे, पुसायचे आणि पुढच्या मुद्द्यावर जायचे. तीन वर्षं मी तो धडा असाच, रस्ता ओलांडल्यासारखा शिकवला.

मग एका ऑनलाइन प्रशिक्षणात ऐकलं की मुलांना सांगू नका, शोधायला लावा. मला ते पटलं. आणि खरं सांगायचं तर त्यात माझी सोय होती. मुलंच शोधणार, मुलंच लिहिणार. मला फळ्यावर काही लिहावं लागणार नव्हतं.

लॉकडाऊनपासून फोन मुलांच्या हातात होताच. कंपनीच्या काळातले मोजणीचे अहवाल आणि नकाशे स्कॅन करून लोकांनी इंटरनेटवर ठेवलेले आहेत. मी मुलांना ते कसे शोधायचे ते दाखवलं. इंग्रजी जड होतं, तेव्हा फोनच भाषांतर करून द्यायचा. फोनने कलेक्टरचं केलं ‘गोळा करणारा’. साऱ्याच्या आकारणीचं केलं ‘मूल्यमापन’, आणि मूल्यमापन म्हणजे मुलांना एकच गोष्ट माहीत. एकीने वहीत लिहिलं, ‘इंग्रजांनी आमच्या तालुक्यातील जमिनीची परीक्षा घेतली. काही जमिनी नापास झाल्या.’ मी हसले, आणि मग वाटलं, हे काही फार चुकीचं नाही.

त्या वर्गात नदीकाठच्या त्या गावातली एक मुलगी होती. दुसऱ्या बाकावर, खिडकीकडे. जुन्या नकाशावर तिने आपलं गाव शोधलं आणि फोन घेऊन थेट टेबलाजवळ आली. “मॅडम, ह्याच्यात नदी आमच्या देवळाच्या पलीकडनं दाखवलीय. आता अलीकडनं जाती. मग नदी सरकली का देऊळ?” असा प्रश्न मला एम.ए.ला असताना सुचला नसता. तिचे वडील पुण्यात टेम्पो चालवायचे, महिन्यातून दोनदा घरी यायचे. घरात चुलत्यांचा शब्द चाले. त्यांनी तिला कॉलेजात घातलं ते एका अटीवर. एक तक्रार घरी आली की कॉलेज बंद. हे तिने मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, अगदी साधेपणाने, बसचा टाइम सांगावा तसं.

नकाशे झाल्यावर मी एक ऑनलाइन फॉर्म बनवला. वाचलेलं एका बाजूला, आता घरातल्या जुन्या माणसांना काय आठवतं ते दुसऱ्या बाजूला. प्रश्न मला पाठ आहेत. ‘तुमच्या गावात कंपनी आली तेव्हा जमीन कोणी मोजली? त्याआधी ती कोणाच्या ताब्यात होती? गावाच्या हद्दीचे जुने दगड कोठे आहेत? फोटो व लोकेशन जोडा. कंपनीविषयी घरातल्या मोठ्या माणसांनी काय ऐकले आहे?’ मी वर्गात म्हणाले, “घरी विचारा, शेजारी विचारा, गावात विचारा. जितक्या लोकांना विचाराल तितकं चांगलं.”

‘ईस्ट इंडिया’ हे दोन शब्द मी एकाही प्रश्नात लिहिले नाहीत. इतिहासाच्या तासाला कंपनी म्हणजे कोणती, हे काय सांगायचं?

काय होणार याची खूण मिळाली होती. कारेगावच्या एका मुलाने वर्गातच फॉर्म भरून दाखवला. ‘कंपनी आल्यावर गावात खोल्या भाड्याने जाऊ लागल्या. तीन शिफ्ट सुरू झाल्या. बाहेरच्या राज्यातून लोक आले.’ त्याच्या शेजारच्या मुलाचे वडील उत्तरेकडून इथे कामाला आलेले. त्याने लिहिलं होतं, ‘कंपनी ने पापा को परमनंट नहीं किया.’ मी दोघांना म्हणाले, “अरे, विषय नीट वाचा.” मग स्टाफरूममध्ये जाऊन ती उत्तरं वाचून दाखवली. सगळे हसले. औद्योगिक वसाहतीच्या इतक्या जवळ राहून, रोज कंपनीच्या बसेसमागे आपली एसटी अडकत असून, कंपनी हा शब्द इथे एकाच अर्थाचा आहे हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

तो मार्चमधला रविवार होता. आई गच्चीवर कुरडया घालत होती आणि मी सावलीत बसून उत्तरं वाचत होते. सकाळपर्यंत चाळीसेक उत्तरं होती. काही फार सुंदर होती. एका म्हाताऱ्या बाईंनी नातवाकडून लिहून घेतलं होतं की मोजणीच्या साखळीचा आवाज त्यांच्या आजेसासूच्या सासूने ऐकला होता आणि त्या घरात अजून कुणी साखळी वाजवली की ‘साहेब आला’ म्हणतात.

दुपारी उत्तरं बदलली. ‘कंपनी कसली आहे? केमिकल असेल तर विरोध.’ ‘जमीन देणार नाही.’ ‘रेट काय?’ ‘पोरगा आयटीआय झाला आहे, त्याला घेणार का.’ मी हे वाचून पुन्हा हसणार होते, तेवढ्यात पुढची ओळ आली. ‘मॅडम कोण आहे? आडनाव काय? गाव कुठलं?’ त्याखाली दुसऱ्या कुणीतरी तेच. मग तिसऱ्याने. मग, ‘गावात पाऊल टाकून दाखवा.’

मी ती ओळ परत वाचली.

वर्गातल्या एका मुलीला फोन करून विचारलं तेव्हा समजलं. दुसऱ्या बाकावरच्या मुलीने फॉर्म गावच्या ग्रुपवर टाकला होता आणि सोबत स्वतःच्या आवाजात सगळ्यांना भरायची विनंती केली होती. तिथून तो पुढे गेला. कुणीतरी वर एक ओळ जोडली, ‘नवीन कंपनी येणार, कॉलेजच्या नावाखाली मोजणी सुरू.’ आणि तो आवाज, ती ओळ, माझा फॉर्म नदीकाठच्या पाच-सहा गावांत फिरत होते.

पुढच्या दहा मिनिटांत मी दोन गोष्टी केल्या. पहिली, फॉर्म काढून टाकला. घाईत उत्तरांसकट. सगळं कायमचं पुसायचं का, असं फोनने विचारलं आणि मी हो म्हटलं. साखळीचा आवाज ऐकलेली आजेसासूची सासूही त्यात गेली. दुसरी, वर्गाच्या ग्रुपवर लिहिलं, ‘काही विद्यार्थ्यांनी फॉर्म परस्पर बाहेर पाठवला आहे. त्याच्याशी शिक्षकांचा संबंध नाही.’

परस्पर. मी तो शब्द लिहिला तेव्हा मला पुरतं माहीत होतं की ‘काही विद्यार्थी’ म्हणजे एकच मुलगी. आणि तिच्या घरची अटही माहीत होती.

वडिलांना सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, “आडनाव इचारलं का?”

“विचारलं.”

ते म्हणाले, “उद्या जाऊ नको.”

आई कुरडयांचा हात पुसत वर पाहून म्हणाली, “न्हाई गेली तर म्हणतील खरंच काय तरी केलं हुतं. जाऊ द्या तिला. तोंडाला स्कार्फ बांध आन् जा.”

सोमवारी मी स्कार्फ बांधून गेले. तसा तो उन्हासाठी सगळ्याच मुली बांधतात, पण मला वाटत होतं की माझाच तेवढा दिसतोय. चौफुल्याला शिरूरची गाडी मिळाली. माझ्या पुढच्या सीटवर दोघे जण बसले होते, एक पांढऱ्या टोपीतले, दुसरे तरुण. तरुणाने फोन कानाशी न धरता मोठ्याने लावला आणि त्यातून माझ्या विद्यार्थिनीचा आवाज आला. “सगळ्या काका-मामांनी प्लीज फॉर्म भरा. कंपनी आली तवा जमीन कुणी मोजली, हद्दीचे दगड कुठं हायेत, फोटो लोकेशनसकट टाका. मंगळवारपर्यंत मॅडमना द्यायचंय.”

“ऐकलं का आप्पा? मंगळवारपर्यंत पायजे म्हणं.”

“एवढी घाई? म्हंजी वरनं प्रेशर असणार.”

“कॉलेजची कोण मॅडम हाय. पोरांच्या हातनं समदे दगड मोजून घेतले.”

“पोरांच्या हातनं? आरं, लई डोक्याची बाई दिसती. तलाठ्याला जमलं नसतं.”

“फुकटात आन् वर!”

दोघं हसले. मी खिडकीबाहेर पाहत होते. पूल आला, फाटा आला, गाडी थांबली. रसवंतीजवळ पाच-सहा माणसं उभी होती आणि त्यांच्यातल्या एकाने गाडीकडे मान वर करून पाहिलं. कंडक्टरने बेल मारेपर्यंत मी स्कार्फ डोळ्यांपर्यंत ओढून धरला. ते दोघं उतरले नाहीत. ते माझ्याबरोबर थेट कॉलेजच्या स्टॉपपर्यंत आले आणि तिथेच उतरले. मी एक स्टॉप पुढे जाऊन उतरले आणि उन्हातून मागे चालत आले.

दुसऱ्या बाकावर खिडकीकडची जागा रिकामी होती. तिच्या शेजारी बसणारी मुलगी हजेरीनंतर टेबलाजवळ आली. “मॅडम, तिच्या काकांनी फोन काढून घेतला. तुमचा मेसेज त्यांनी वाचला. म्हणले, मॅडमच म्हणतेत हिनं न इचारता केलं. आता कॉलेज बास.” तिने मला काही दोष दिला नाही. ती नुसती सांगत होती. मी हजेरीपटाकडे पाहत राहिले आणि तिच्या नावापुढे काय लिहायचं ते मला सुचेना.

प्राचार्यांनी बोलावून घेतलं. ते भले गृहस्थ आहेत. पहिल्या वर्षी माझी ऑर्डर उशिरा आली तेव्हा स्वतः संस्थेत जाऊन आले होते. म्हणाले, “सरपंचांचा फोन होता. गावात या आणि सांगा म्हणतायत. तीन वाजता ग्रामपंचायतीत. मी येत नाही, मी आलो की कॉलेजचं प्रकरण होईल. मामांना बरोबर देतो.” मामा म्हणजे आमचे शिपाई. मग आवाज खाली आणून म्हणाले, “तुम्ही ग्रुपवर लिहिलंय ना, परस्पर पाठवला म्हणून? तेवढ्याच वाक्याला धरून राहा. तुमची ऑर्डर एप्रिलपर्यंत आहे, मॅडम. पुढचं मला वर बोलावं लागतं.”

त्यांनी धमकी दिली नव्हती. त्यांनी मला बाहेर पडायचा रस्ता दाखवला होता. मला तो हवाही होता.

मामांच्या मोटरसायकलवर मागे बसून मी त्या फाट्यावर पहिल्यांदा आत वळले. दोन्हीकडे ऊस होता. मामा वाऱ्यात ओरडून म्हणाले, “घाबरू नका, माझी आत्या हितंच दिली होती. मारायचे न्हाईत. शिव्या देतील.” थोडं पुढे जाऊन म्हणाले, “आन् मारायला लागले तर गाडी चालूच ठिवतो मी.”

ग्रामपंचायतीच्या खोलीत पंधरा-वीस पुरुष होते. बाई मी एकटी. सरपंच पन्नाशीतले, बागायतदार, इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत. त्यांनी स्वतः उठून खुर्ची दिली. “बसा मॅडम. चहा सांगू?” तो आवाज इतका सभ्य होता की मला जास्तच भीती वाटली. भिंतीला टेकून एक म्हातारे बसले होते. त्यांना सगळे आबा म्हणत होते. दाराशी, हाताची घडी घालून, मुलीचे चुलते. मामांनी हळूच सांगितलं म्हणून मला कळलं.

“कंपनी कोणती हाय तेवढं सांगा,” सरपंच म्हणाले. “आमचं बाकी काय म्हणणं न्हाई.”

“ईस्ट इंडिया कंपनी.”

“कुठली?”

“इंग्रजांची.”

“म्हंजी फॉरेनची!” मागून एक जण म्हणाला. “मी काय म्हणत होतो कालपासनं?”

“तशी नाही. ती आता बंद झाली.”

“कवा?”

“दीडशे वर्षांच्या वर झाली.”

खिडकीबाहेरून कुणीतरी फिस्सकन हसलं. खोलीत कुणी हसलं नाही. आबा म्हणाले, “त्याला काय हुतंय? बंद पडलेल्या कंपन्या परत चालू व्हत्यात. मालक बदलतो, बोर्ड बदलतो. जमीन तीच ऱ्हाती.”

मी फोन काढला आणि त्या मुलीनेच शोधलेला जुना नकाशा लावला. हे देऊळ, ही नदी, हा वढूकडे जाणारा जुना रस्ता असावा, हे हद्दीचे दगड. ही मोजणी होऊन गेलेली आहे, नवी नाही. मुलांना फक्त ते दगड अजून आहेत का ते पाहायचं होतं. सरपंचांनी फोन हातात घेतला, दोन बोटांनी नकाशा मोठा केला आणि म्हणाले, “हा आमचा मळा का?” झालं. सगळी डोकी त्या फोनवर आली. “आमचं दावा.” “आरं सरक की, तुझं नदीत गेलंय.” मला वाटलं, सुटले.

आबा जागचे उठले नव्हते. त्यांनी विचारलं, “हे दगड कुठं हायेत ते साहेबाला कुणी दावलं?”

मला उत्तर माहीत होतं. आमच्या भागातल्या जुन्या अहवालांत ते मी वाचलं होतं. दोन गावांत हद्दीचा वाद असला की गावच्या महाराला पुढे घालून हद्द चालवत. तो जिथून चालेल ती हद्द मानत. हे वाचलं त्या दिवशी मी खोलीत एकटी असून दार लावून घेतलं होतं. फॉर्ममध्ये दगड विचारले होते, दगड ठाऊक असणारा माणूस विचारला नव्हता. मी आबांकडे न पाहता फोनसाठी हात पुढे केला.

सरपंच फोनवरून नजर न काढता म्हणाले, “मॅडम, आडनाव काय म्हणालात तुमचं?”

मी म्हणाले नव्हते. आता म्हणाले.

एका क्षणात खोली बदलली असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. एक-दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाने चहाचा कप खाली ठेवला. तेवढंच. पण दार किती पावलांवर आहे ते मी मोजलं.

“मंग तुमच्याच माणसांनी दावलं असणार,” आबा म्हणाले. “हद्द त्यांच्या पायाखालची. माझा आजा सांगायचा, ते चालतील तिकडं गाव मागं मागं चालायचं.”

हा मान होता की माझी जागा दाखवणं होतं, ते मला तेव्हा समजलं नाही. आजही समजलेलं नाही.

“ते समदं खरं,” दाराशी उभे असलेले चुलते पहिल्यांदाच बोलले. “पण आमच्या पोरीचा आवाज पाच गावांत फिरला त्याचं काय? काल यवतच्या पाव्हण्याचा फोन आला मला.” त्यांनी खिशातून फोन काढला. तो तिचाच होता, मागे चमकीचं कव्हर. “हे मॅडमनी सोता लिवलंय. काही विद्यार्थ्यांनी फॉर्म परस्पर बाहेर पाठवला आहे. परस्पर म्हंजी मास्तरला न इचारता. घरात इचारत न्हाई, मास्तरला इचारत न्हाई. मंग कशाला पायजे कॉलेज?” ते माझ्याकडे वळले. “बरोबर वाचलं ना मॅडम?”

मामा शेजारी खाकरले. नुसती मान हलवली असती तर चाललं असतं. चुलत्यांनी माझ्याकडून आणखी काहीच मागितलं नव्हतं. मी मोटरसायकलवर बसून परत गेले असते, प्राचार्यांनी हुश्श केलं असतं, जूनमध्ये ऑर्डर आली असती. दुसऱ्या बाकावर दुसरं कुणीतरी बसलं असतं.

“बरोबर वाचलं,” मी म्हणाले. “पण ते खोटं आहे.”

“काय?”

“तिने परस्पर काहीच केलं नाही. मीच सगळ्यांना सांगितलं, गावात विचारा, जितक्यांना विचाराल तितकं चांगलं. तिने जास्त लोकांना विचारलं, कारण ती वर्गातली सगळ्यात चांगली मुलगी आहे. कंपनी कुठली ते मी लिहायला हवं होतं. मी लिहिलं नाही. चूक माझी आहे.”

“मंग परस्पर कशाला लिवलं?”

“घाबरले म्हणून.”

“कुणाला?” आबांनी विचारलं.

माझा आवाज इतका बारीक आला की मला स्वतःलाच ऐकू आला नाही. आबांनी कानामागे हात धरला. मी पुन्हा म्हणाले, “तुम्हाला.”

आबा माझ्याकडे पाहत राहिले. मग सरपंचांकडे, मग सगळ्यांकडे. “आमाला? आन् आम्ही तुमच्या कंपनीला घाबरून कालपासनं जेवलो न्हाई!”

आता मात्र खोलीत सगळे हसले. सरपंच हसले, मामा तर डोळे पुसायला लागले. मीही हसले असेन. चुलते हसले नाहीत. त्यांनी चमकीचा फोन खिशात घातला आणि म्हणाले, “बघू.”

परत येताना मामा म्हणाले, “बघू म्हणला म्हंजी निम्मं काम झालं.” मला तसं वाटत नव्हतं. मी प्राचार्यांना जसं घडलं तसं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि बराच वेळ कपाळ चोळलं. ग्रुपवरचा मेसेज मी काढला नाही. त्याखाली दुसरा लिहिला, की वरचं वाक्य चुकीचं आहे आणि फॉर्म माझ्या सांगण्यावरून पाठवला गेला होता. तो लिहायला पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला.

मंगळवारी जागा रिकामी होती. बुधवारी, गुरुवारी, शुक्रवारीही. मी रोज हजेरी घेताना तिचं नाव वाचायचे आणि खिडकीकडे पाहायचे. शनिवारी सकाळी फाट्यावर गाडी थांबली आणि ती चढली. हातात एक वही. मला पाहून तिने मान खाली घातली, माझ्या शेजारची सीट रिकामी असून पुढे जाऊन उभी राहिली. मलाही तिला बोलवायचं धाडस झालं नाही.

फोन तिला परत मिळाला नव्हता. फोनशिवाय कॉलेज, ही आता नवी अट होती. तिचं ऑनलाइन संशोधन तिथेच संपलं. मधल्या सुट्टीत मी तिला माझा फोन देते, ती नकाशे पाहते आणि घंटा झाली की परत आणून देते. बाकीच्या मुलांची सगळी उत्तरं मी पुसून बसले होते. त्यातल्या काहींनी पुन्हा विचारून आणली, काहींना ‘आता पुरे’ म्हणून घरून सांगितलं गेलं. साखळीवाल्या आजींच्या नातवाने सांगितलं की आजी आता बोलायला तयार नाही.

तिचं मात्र वहीत होतं. घरी बसवलेल्या त्या चार दिवसांत ती रोज दुपारी आबांकडे गेली होती. आबांनी सांगितलेलं तिने हाताने लिहिलं होतं, बारीक अक्षरात, सात पानं. ते वर्गापुढे वाचायला ती उभी राहिली. नदी कशी सरकली, देऊळ कसं तिथेच राहिलं. चौथ्या पानावर ती थांबली, माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, “मॅडम, हद्द कोण दाखवायचं ते आबांनी सांगितलंय. काका म्हणले, तेवढं वाचू नको. वाचू का?”

मागच्या बाकांवरची कुजबुज थांबली होती. काही मुलं एकमेकांकडे पाहत होती, मग माझ्याकडे. जूनची ऑर्डर अजून यायची होती. तिच्या घरची अटही काही संपलेली नव्हती. 

“तुला वाचायचंय का?” मी विचारलं.

तिने होकारार्थी मान हलवली.

“वाच,” मी म्हणाले.

“काय म्हणालात मॅडम?” तिला ऐकू आलं नव्हतं.

मला ते पुन्हा, मोठ्याने म्हणावं लागलं.